पेटी नंबर तीन

हिशेब खात्यात मी एकोणीस वर्षं काढली. एका दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं, की इथलं सगळं काम आता बंगळुरूला जाणार. हातावर तीन महिन्यांचा पगार ठेवला. मी पंचेचाळिशीची, धाकटा दहावीत.

पुढचे पाच महिने मी तसलीच नोकरी शोधत होते. मुलाखतीला समोर बसलेली मुलं 'कळवतो' म्हणायची. घरात कोणी विषय काढत नसे, तेच जास्त लागायचं. सकाळी हात आपोआप डब्याकडे जायचा. काढायचे आणि परत फडताळात ठेवायचे.

माझं माहेर जावळीतलं. घराच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात सातेरी माश्यांचं मोहोळ असायचं. आई संध्याकाळनंतर तिकडे फिरकू द्यायची नाही. ते मोहोळ मला आठवलं पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या फाटकाशी. १९६२ पासून ती संस्था तिथे आहे आणि माझी ऑफिसची बस रोज तिच्यावरून जायची. त्या दिवशी मी आत गेले आणि प्रशिक्षणासाठी नाव घातलं.

पहिल्यांदा चौकट हातात घेतली तेव्हा बोटं थरथरत होती. शिकवणारे सर म्हणाले, "ताई, सावकाश. धक्का बसला की चिडतात त्या. उन्हाकडे पाठ करा आणि घरांच्या तळाशी बघा." बघितलं. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं, तळाला टेकून उभं. मग तसली ओळीच्या ओळी दिसायला लागली. अंडं उभं असलं तर ताजं, दुसऱ्या दिवशी ते कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. म्हणजे राणी डोळ्यांना दिसली नाही, तरी ती कधीपर्यंत पेटीत होती ते कळतं. पावती हरवलेला व्यवहार नोंदींवरून जुळावा, तसं मला झालं. कित्येक महिन्यांनी मी काहीतरी मन लावून वाचत होते.

माहेरच्या परसात पाच पेट्या मांडल्या. पहिल्याच पावसाळ्यात धाकट्याच्या अॅडमिशनच्या धावपळीत तीन आठवडे तिकडे जाणं झालं नाही. जावळीचा पाऊस, माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलंही नसतात. अशा दिवसांत साखरेचा पाक द्यावा लागतो. गेले तेव्हा तीन नंबरची पेटी रिकामी होती. पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी, आणि मेलेली माशी एकही नाही. सगळ्या निघून गेल्या होत्या. नोकरी गेली त्या दिवशी रडले नव्हते एवढी त्या पेटीपाशी रडले. शेजारच्या वाडीतले म्हातारे मधपाळ आबा झाकण लावत म्हणाले, "उपाशी ठेवल्यावर जाणारच की, पोरी. त्या काय तुझ्या चाकरीला बांधलेल्या नाहीत."

पैशाचं सांगायलाच हवं, कारण नवा धंदा केलेली माणसं नेमकं तेवढंच गाळतात. पुढच्या उन्हाळ्यात जांभूळ फुलल्यावर चार पेट्यांतून मिळून चौदा किलो मध निघाला. त्यावर घर चालत नाही. म्हणून संध्याकाळी दोन दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करत राहिले, अजूनही करते. आता पेट्या तीस झाल्या आहेत. कांद्याचं बी धरणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत परागीभवनासाठी पेट्या भाड्याने नेतात, आणि मधापेक्षा तीच मिळकत भरवशाची आहे. पेट्या रात्री हलवायच्या. सगळ्या माश्या आत आल्या की दाराला जाळी लावायची. लावताना लाकडावर तळहात टेकला, की आतली गुणगुण कोपरापर्यंत चढते.

तीन नंबरची पेटी खरवडून उन्हात वाळवली, आत मेण चोळलं आणि आबांच्या मदतीने कोनाड्यातलंच मोहोळ तिच्यात भरलं. मागच्या रविवारी उघडली तर पाच चौकटी माश्यांनी भरलेल्या, आणि तळाशी उभी अंडी. वहीत तारीख लिहिली. पाऊस लागलाय. दर आठ दिवसांनी पाकाच्या बाटल्या पिशवीत घालून मी मेढ्याची एसटी धरते.