शेजारासकट घर

कोन, ता. पनवेल
20 जानेवारी 2026

चि. बाळू यास,


परवा तू फोनवर विचारलंस, "आत्या, तिकडे तुझं आहे कोण?" मी गप्प बसले आणि फोन सूनबाईकडे दे म्हटलं. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. शिवाय खोली भाड्याने लावायची आणि मला तुझ्याकडे पुण्यात वाकडला न्यायचं, हे तू दादाला, तुझ्या वडिलांना, सांगून मोकळा झालास, तुझ्या बहिणीलाही कळवलंस. मला सगळ्यांत शेवटी विचारलंस. ते मनाला लागलं. वयाने माणूस थकतं, त्याचं मत थकत नाही, एवढं तरी तू आमच्या घरात शिकला असशील असं वाटलं होतं.

आता ऐक. पहिल्यांदा इथे आले तेव्हा खरंच माझं कोणी नव्हतं. पळस्पे फाटा मागे पडला की जुन्या हायवेवर ट्रकांची रांग, आणि त्याच्या कडेला या इमारती. तुझ्या काकांचं, माझ्या यजमानांचं, नाव गिरणी कामगारांच्या घरांच्या 2 डिसेंबर 2016 च्या सोडतीत लागलं ते तुला आठवतंय, पेढे तूच आणलेस. दोन हजार चारशेवर घरं, किंमत 6 लाख. 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळून एक घर. पुढे कोरोनात याच इमारतींत विलगीकरणातले रुग्ण ठेवले होते. किल्ली हातात पडेपर्यंत काका राहिले नाहीत. त्यावर आणखी लिहीत नाही, तू सगळं पाहिलं आहेस.

मजल्यावर कोणी शिवडीचं, कोणी लालबागचं, कोणी संपानंतर गावी गेलेलं आणि चाळीस वर्षांनी परत आलेलं. जिन्यात समोरासमोर आलो तरी खाली मान घालून जायचो. एकदा खाली दुधाच्या दुकानात एक म्हातारे दुकानदारावर ओरडत होते. सगळ्यांना वाटलं भांडण आहे. मी त्यांचे हात बघितले. बोलताना बोटांनी आकडा दाखवत होते, आणि दुकानदार बोलला की त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "सांचेखातं का?" त्यांनी लगेच तिकीट नंबर सांगितला. गिरणीत पगाराच्या खिडकीवर सांगायचे ना, तसा, ताठ उभे राहून. काकाही घरात असेच ओरडून बोलायचे आणि तू लहानपणी घाबरायचास. सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात ज्यांचे कान गेले त्यांना हळू बोलता येत नाही रे. त्या दिवसापासून समोरचं दार उघडं राहायला लागलं. आता त्यांची किल्ली माझ्याकडे असते, माझी त्यांच्याकडे.

पण हे माझं नशीब. प्रत्येकाला दुधाच्या दुकानात सांचेखातं भेटत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, आणि तू हसलास तरी मी ते सोडणार नाही, की घर वाटताना शेजारही वाटला पाहिजे. फॉर्मवर तिकीट नंबर मागितला, ईएसआयचा नंबर मागितला, वारसाचे दाखले मागितले. शेजारी कोण हवं, हे एकदा तरी विचारायचं! एका चाळीतल्या दहा घरांनी एकत्र अर्ज केला तर त्यांना एका मजल्यावर ठेवायला काय अडतं? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, परवाच 44 वर्षं झाली. त्या संपात आपली चूल पेटली ती पलीकडच्या खोलीतल्या उसन्या पिठावर. दादाला विचार. ते पीठ कुठल्या योजनेतून आलं नव्हतं.

वरळीच्या बीडीडी चाळींत बघ. त्यांच्याही खोल्या 160 चौरस फुटांच्याच. गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 जणांना पाचशे फुटांची घरं मिळाली, आणि तीही वरळीतच. मला त्यांचा हेवा पाचशे फुटांचा वाटत नाही. त्यांची माणसं एकमेकांच्या हाकेवर राहिली, त्याचा वाटतो. आता आपल्या गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला पाठवायचं चाललं आहे. जुलैत आझाद मैदानावर म्हातारी माणसं भर पावसाळ्यात मुंबईतच घर द्या म्हणून बसली, त्यांत आमच्या मजल्यावरच्या दोघी होत्या. मी गुडघ्यांमुळे गेले नाही. इथेही तेच, नवी मुंबई विमानतळासाठी कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशी दहा गावं उठली. मासे घेऊन येणारी बाई त्यांतलीच. विमानं उडायला लागल्यावर मी तिला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, घर चांगलं बांधलंय, पण सासूला संध्याकाळी बसायला ओटा नाही आणि ओट्यावरच्या बायकाही नाहीत.

हे सगळं तुला इतकं का लिहिते आहे? सूनबाईने मला सांगितलं. तू नको म्हणाला होतास, तरी सांगितलं, आणि तिला त्यावरून एक शब्द बोलायचा नाही. ती माहेरी असताना तुला रात्री तीनला छातीत दुखायला लागलं आणि तू एकटा गाडी चालवत दवाखान्यात गेलास. वर "कुणाला उठवायचं?" म्हणालास. बाळू, बारा मजले माणसं झोपलेली होती! दादा रात्रपाळीत खात्यातच कोसळला तेव्हा चौघांनी सांचे टाकून त्याला हातगाडीवर घातलं आणि केईएमला पोचवलं. म्हणून आज तो तुझ्यावर ओरडायला जिवंत आहे. त्या चौघांतला एकही आपला नातेवाईक नव्हता. तुझीही रात्रपाळीच, अमेरिकेतल्या साहेबाच्या वेळेची, पण बंद खोलीत, एकट्याची. मध्यरात्री बाहेरून मागवलेलं खातोस. हे तुझ्या बापाचं दुखणं आहे, ते तुला लागू नये असं तुला वाटत नाही का? मला परवापासून झोप नाही.

मी येईन, राहायला नाही, आठ दिवसांसाठी येईन. त्याआधी माझी दोन कामं कर. रथसप्तमी येत्या रविवारी आहे. तोवर सूनबाईला हळदीकुंकू करायला सांग आणि मजल्यावरच्या सगळ्या घरी बोलावणं करायला तू स्वतः तिच्याबरोबर जा. दार वाजवायचं, मेसेज टाकायचा नाही. समोरच्यांचा फोन नंबर घे, आपला दे, एक किल्ली तिकडे ठेव.

दुसरं, डॉक्टरकडे जाऊन पुन्हा ईसीजी काढ आणि त्याचा फोटो मला पाठव. मला त्यातलं कळत नाही, पण सांचेखात्यांची नात पनवेलला नर्सिंग शिकते, तिला दाखवते. पुढच्या बुधवारपर्यंत आला नाही तर दादाला सगळं सांगेन.

तुझी
आत्या