शांतिनिकेतनच्या सावलीत

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी बारावीतली मुलगी कोलकात्याहून रेल्वेने बोलपूरला उतरलो. तिला पुढे दूरच्या विद्यापीठात शिकायचे आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना एकच काळजी, "पोर जगात गेली की आपली राहील का?" खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते.

शांतिनिकेतनची माती लाल. सप्तपर्णी फुलली होती, रस्ताभर तिचा घमघमाट. काचेचे उपासनागृह रस्त्यावरूनच दिसते. आत मूर्ती नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये येथे शाळा काढली, मुलांना झाडाखाली बसवून शिकवले. पहिले महायुद्ध संपून तीन वर्षे होत होती तेव्हा, १९२१ मध्ये, विश्वभारती उभी राहिली. देशोदेशींच्या लोकांनी एकत्र बसून एकमेकांकडून शिकावे, हा हेतू. पुढे १९३७ मध्ये येथे चीन भवन सुरू झाले आणि त्याची धुरा तान युन-शान या चिनी विद्वानाकडेच दिली गेली.

विश्वभारतीच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते सिल्हटकडचे सय्यद मुजतबा अली. येथून ते काबूलला शिकवायला गेले. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात त्यांनी आपल्याकडच्या खोजा समाजावर प्रबंध लिहिला. मग कैरोच्या अल-अजहरमध्ये शिकले आणि नंतर सयाजीरावांच्या बडोद्यात प्राध्यापक झाले. एवढे जग पाहिले, पण लेखक म्हणून नाव कमावले ते मायबोली बंगालीत.

उलटा प्रवासही झाला. हैदराबादच्या निझामांनी इस्लामी अभ्यासासाठी विश्वभारतीला एक लाख रुपये दिले. ते अध्यापन करायला हंगेरीहून प्राध्यापक ज्यूला गेरमानुस आले. भारतात असतानाच त्यांनी इस्लाम कबूल केला, अब्दुल करीम हे नाव घेतले आणि पुढे हजही केला.

परतताना मुलीने विचारले, "अम्मी, मुजतबा अलींच्या घरच्यांनाही भीती वाटली असेल ना?"

वाटली असेलच. पण जगाची ओळख झाली म्हणून माणूस आपले घर विसरतो असे नाही. वर्गात शेजारी वेगळ्या भाषेचा, वेगळ्या धर्माचा सोबती बसला की आपल्याला स्वतःचेही नीट सांगता यावे लागते. ती तयारी घरातच व्हायला हवी. मुलांना दीन नुसता पाठ करून घेऊ नये, समजावून द्यावा. दुसऱ्याची भाषा शिकायची गोडीही लावावी.

मुलीचा अर्ज भरायचे ठरले आहे. दुआ करा.