बाटलीवरचा आकडा

आमच्या घरात इन्सुलिन घेणाऱ्या दोघी. सासूबाई सिरिंजनं टोचून घेतात आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या कमरेला पंप असतो. तुम्ही म्हणाल, औषध एकच, मग फ्रीजमध्ये दोन वेगळे डबे कशाला? बायांनो, तेच तर सांगायचंय!

सासूबाईंच्या बाटलीत एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, लेकीच्या बाटलीत १००. एक पातळ सरबत, एक घट्ट. युनिट हे औषधाचं माप, मिलीलिटर हे पाण्याचं.

मागच्या दिवाळीत लेकीची बाटली संपली, दुकानं बंद. सासूबाई मायेनं म्हणाल्या, “अगं, माझी घाल की! इन्सुलिनच ना ते?” पण पंपाला बिचाऱ्याला काय कळतंय? आत १०० चंच औषध आहे असं धरून तो एका युनिटसाठी मिलीलिटरचा शंभरावा भाग ढकलतो. ४० चं घातलं, तर १० युनिटांच्या जागी अंगात ४ च जायची. शिवाय सासूबाईंचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ मिश्रण. पंपाला नितळ, लवकर लागू पडणारंच लागतं. पंपावरच्या मुलीच्या अंगात दुसरा साठा नसतो. काही तास कमी पडलं, तरी उलट्या, धाप आणि दवाखाना! आम्ही राखीव बाटली फोडली.

सिरिंजचंही असंच. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. आमच्या मावससासूबाईंना एका दुकानदारानं ४० च्या बाटलीबरोबर नारिंगी सिरिंज दिली. त्या नेमानं २० च्या रेघेपर्यंत भरायच्या, अंगात जायची ८ युनिटं. साखर चढली आणि घरादारानं ठरवलं, म्हातारी चोरून लाडू खाते! उलट प्रकार तर आणखी भयंकर. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं, तर अडीचपट जातं. घाम, थरथर, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर शुद्धही हरपते.

आता घट्टपणाची दुसरी गंमत. इन्सुलिनचे कण बाटलीत सहा-सहाच्या गटानं राहतात. कातडीखाली गेल्यावर ते सुटे झाले की मगच रक्तात शिरतात. औषध घट्ट, तर सुटायला वेळ जास्त. ४० आणि १०० मध्ये हा फरक थोडाच. पण फार मोठा डोस लागणाऱ्यांसाठी काही देशांत ५०० चं साधं इन्सुलिन मिळतं, ते सावकाश भिनतं आणि बराच वेळ काम करत राहतं. युनिटं तेवढीच, पण वेळ निराळी. म्हणून डॉक्टरांनी आकडा बदलला, तर जेवणाआधी किती वेळ घ्यायचं, हेही विचारून घ्यावं.

भिनण्यात जागेचाही वाटा असतो बरं का. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ धरते आणि तिथून औषध कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. लेक दर दोन-तीन दिवसांनी पंपाची नळी नव्या जागी लावते, ती यासाठीच.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानातच बाटलीवरचा आकडा वाचा, सिरिंजचं टोपण पाहा. जुळत नसेल तर निमूटपणे परत करा. दुकानदार म्हणेल, “ताई, सगळं सारखंच असतं.” म्हणू दे! पैसे देऊन औषध आपण घेतो, आणि ते टोचलं जातं आपल्याच माणसाला.