अठरा प्रश्नांचा कागद

दिसायला अगदी साधा. एकच पान, अठरा वाक्यं, प्रत्येकापुढं शून्य ते चार आकडे. जालन्याच्या दवाखान्यात तो हातात आला तेव्हा अक्का त्याच्याकडं बघेना. अंबडात तिच्या वागण्याला लोकांनी आधीच नाव देऊन टाकलं होतं, मंत्रचळ. नळाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या गल्लीत ती तासन् तास हात धूत बसायची, ते सगळ्यांना दिसत होतं.

या कागदाचं नाव भारदस्त, 'ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह इन्व्हेंटरी-रिव्हाइज्ड'. एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42 प्रश्नांच्या आपल्याच जुन्या प्रश्नावलीतून 2002 साली तो बेतला. बोलणं मात्र मोजकं. हात दिवसातून किती वेळा धुता, हे तो मोजत बसत नाही. गेल्या महिन्यात त्याचा तुम्हाला जाच किती झाला, ते विचारतो. मला त्याची ही रीत फार मोलाची वाटते. आमची आजी कडक सोवळं पाळायची, पण त्यात तिला समाधान होतं. तिनं शून्यालाच खूण केली असती. मोटार बंद केली का, म्हणून रात्री एकदा उठून बघणारा शेतकरी फार तर एकावर थांबेल. अक्का कडी चाचपता चाचपता रडकुंडीला यायची.

आणि तो आब राखतो. नकोसे विचार छळतात का, हे विचारतो. कोणते, ते विचारत नाही. अक्कानं वर्षभर मत्स्योदरीची टेकडी चढणं सोडलं होतं. पायऱ्यांवर देवीबद्दल मनात काय यायचं, ते आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं तिनं चारला गोल केला.

लाजेनं कुणी शून्य लिहिलं, तर तो बिचारा तेच खरं धरतो. मंत्रचळ त्यालाही सोडत नाही. अक्कानं गोल काढले, खोडले, पुन्हा काढले, अर्धा तास. ती खाडाखोड बेरजेत येत नाही, ती डॉक्टरांनीच बघावी लागते. बेरीज 72 पैकी. 21 किंवा वर गेली की नीट तपासणी हवी, एवढंच तो सांगतो. निदान त्याचं काम नव्हे.

अक्काची बेरीज 43.

"म्हणजे मी वेडी का?" तिनं विचारलं.

"नाही. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत," डॉक्टर म्हणाले. मग कागद तिच्यापुढं सरकवून त्यांनी त्या चारवर बोट ठेवलं. "इथून सुरुवात करू या?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.