आरती यायची, पाणी मागता यायचं नाही

१९७८ साली आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली. तोंडात एकच शब्द उरला, ‘अगं’. तहान लागली, अगं. ऊन लागतंय, अगं. नातवाला हाक मारायची, तरी अगं. आजी त्या एका शब्दाचे सगळे सूर ओळखायची.

घर तेव्हा भरलेलं. ओटीवर त्यांच्या खाटेपाशी दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. जिभेला वेखंड लावून झालं, नवस बोलून झाले. पण संध्याकाळी देवघरात आरती सुरू झाली, की आजोबा सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून अख्खं कडवं स्पष्ट म्हणायचे! आजी हात जोडायची. एखादा पाहुणा कुजबुजायचा, “येतंय की बोलता, मुद्दाम बोलत नाहीत.” आजोबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्यांना सगळं कळत होतं.

तो चमत्कार नव्हता आणि ढोंग तर नव्हतंच. तो वाचाघात होता. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. तिथे इजा झाली, की मनातलं बोलणं अडतं. पण पाठ असलेलं, तालासुरातलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाच्या मेंदूवरून वाचेची जागा दाखवली, तोही ‘टॅन’ एवढंच बोलायचा. आपल्याकडे म्हैसूरची वाक्‌-श्रवण संस्थाही १९६५ पासून होती. आमच्या ओटीपर्यंत मात्र यातलं काहीच पोहोचलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तोच आजार बाबांना झाला. स्पीच थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “यांना काय काय पाठ आहे?” आरत्या, पाढे, वारांची नावं. तिथूनच सुरुवात झाली. बाबांचा डावा हात हातात घेऊन त्या टेबलावर ठेका धरायच्या आणि त्यावर शब्द गुणगुणायच्या: पा-णी-दे. हळूहळू सूर कमी होत गेला, शब्द राहिला. पाणी पिताना ठसका लागू नये म्हणून काय करायचं, तेही त्यांनीच शिकवलं. तिसऱ्या महिन्यात बाबा आईला म्हणाले, “पाणी दे.” आई तांब्या हातात धरून रडत राहिली.

आजोबांचं दार रोज संध्याकाळी उघडत होतं. त्यातून आत कसं जायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आज ते ठाऊक आहे, पण खाटेपाशी बसायला माणसं नाहीत. ताई पाऊण तास येतात, उरलेला दिवस समोर टीव्ही. शिकलेला शब्द वापरायचा कुणाशी?

तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, तर उपचार लवकर सुरू करा. आणि रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. त्यांचा शब्द अडलाय; समजही गेली, असं धरून चालू नका.