रिसोडची दिवाळी

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या बरं. अगदी खाली, समुद्राला चिकटून, सिंधुदुर्ग जिल्हा सापडला? आता तिथून बोट उजवीकडे वर सरकवत न्या. कोल्हापूर, पंढरपूर, लातूर, परभणी, हिंगोली... आणि मग विदर्भाच्या दारातलं वाशीम. १ जुलै १९९८ ला हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या पश्चिमेला एक तालुक्याचं गाव आहे, रिसोड. तुमच्या बोटानं जिथून प्रवास सुरू केला तिथं माझं घर, आणि जिथं ते थांबलं तिथून जवळच माझी शाळा!

डीएड होऊन बरीच वर्षं वाट पाहिल्यावर २०२४ साली मला रिसोडजवळच्या एका शाळेत नेमणूक मिळाली. रिसोडला रेल्वे नाही. आमच्याकडून आधी कोल्हापूर गाठायचं, मग आगगाडीनं वाशीम, आणि पुढं एसटीनं पंचेचाळीसेक किलोमीटर. जायचे दोन दिवस, यायचे दोन दिवस. त्यात त्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. निवडणुकीच्या कामाचं पत्र माझ्याही हातात पडलं होतं. म्हणजे दिवाळी रिसोडलाच.

आता सांगा, जिथं आपलं एकही माणूस नाही, अशा गावात सणाच्या दिवशी काय करायचं? मी ठरवलं, आधी गाव तर नीट बघू.

रिसोडचं जुनं नाव ऋषिवट, त्यावरून रिसोड झालं असं इथले लोक सांगतात. गावची देवी पिंगलाक्षी. किती सुंदर नाव! पिंगल म्हणजे तांबूस पिवळा आणि अक्षी म्हणजे डोळे असलेली. दर्शन घेऊन मी बाजाराकडे वळले. पणत्या, रांगोळीचे रंग, आकाशकंदील, बत्तासे यांनी रस्ता भरून गेला होता. पण सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, सोयाबीन.

आमच्या कोकणात माती तांबडी आणि शेती भाताची. इथली माती काळी कुळकुळीत. पाऊस पडला की चपलेला असा चिकटते, की पायातली चप्पल दोन किलोची होते! या मातीत सोयाबीन पिकतं. साधारण शंभर दिवसांचं हे पीक पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरतात आणि दसऱ्याच्या आसपास सोंगतात. सोंगून रचलेल्या ढिगाला इथं सुडी म्हणतात आणि मळणीनंतर उरतं ते कुटार. दाणे पोत्यात भरले की चालले बाजार समितीत. त्या पैशातून किराणा, कपडे, फटाके आणि पुढच्या हरभऱ्याचं बियाणंसुद्धा.

२०२४-२५ साठी सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता. बाजारात मात्र त्याहून कमी भाव चालू होता. आता एक सोपं गणित करा. क्विंटलमागे ५०० रुपये कमी मिळाले आणि १० क्विंटल विकले, तर घरात किती पैसे कमी आले? पाच हजार! म्हणजे एखाद्या घरातल्या चार माणसांचे नवे कपडे. दुकानात एक आजोबा नातवाचा सदरा हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. शेवटी त्यांनी तो घेतला, आणि स्वतःसाठी बघितलेलं धोतर परत ठेवलं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या दारावर धडाधड थापा पडल्या. घड्याळात साडेचार! दारात घरमालकीण काकू, हातात तेलाची वाटी आणि उटणं.

"काहून गेल्या नाही मॅडम घरी, ते मले माहीत हाय. पण म्हणून काय पारोशा बसान का? उठा, पाणी तापलं."

आमच्याकडे या दिवसाला चावदिस म्हणतात. पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि मग नव्या तांदळाचे पोहे खायचे. गूळपोहे, दूधपोहे, तिखट पोहे, घराघरात चार-पाच तऱ्हा. कारीट काही मला बाजारात मिळालं नाही. मग अंघोळ झाल्यावर मी गूळ आणि ओलं खोबरं घालून पातेलंभर पोहे कालवले आणि काकूंकडे नेले. काकूंच्या धाकट्यानं विचारलं, "पोहे गोड कसे काय?" चव बघितली, आणि मग पातेलं माझ्याकडे परत आलंच नाही. आलं ते चिवड्यानं, करंज्यांनी आणि अनारशांनी भरून. तिकडे भात घरात येतो म्हणून पोहे, इकडे सोयाबीन विकलं जातं म्हणून किराणा. दोन्हीकडची दिवाळी शेतातूनच घरात येते, नाही का?

पाडव्याला काकूंच्या मुलांबरोबर लोणारला गेले. रिसोडपासून ते सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून आलेली एक प्रचंड उल्का तिथल्या काळ्या खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. आत खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी चक्क गुलाबी झालं होतं. खारेपणा वाढल्यावर जोमानं वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत. "इतक्या लांबून आलेला पाहुणा मी तरी दुसरा पाहिला नाही," असं मी म्हटलं. त्यावर धाकटा म्हणतो कसा, "तुमी बी तं लांबूनच आल्या मॅडम!"

पण मुलांनो, या दिवाळीतली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. ती होती आदल्या दिवशीची, अमावास्येची. माझ्या शाळेत तांड्यावरची बरीच मुलं आहेत. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचे. त्यांची बोली वेगळी, गोरबोली. तिच्यात आईला याडी म्हणतात. चौथीतल्या एका मुलीनं मला दोन दिवस आधीच बजावलं होतं, "बाई, मेरा बघायला याच."

मेरा म्हणजे काय? अमावास्येच्या संध्याकाळी तांड्यावरच्या मुली नटूनथटून हातात दिवे घेतात. आधी तांड्याच्या नायकाच्या घरी जातात, मग एकेक करत प्रत्येक दारी. गाणी म्हणत घराला ओवाळतात, त्या घराचं भलं व्हावं असं मागतात. घरातली माणसं त्यांना ओवाळणी घालतात. दुसऱ्या दिवशी याच मुली रानातून फुलं आणतात आणि दारापुढच्या शेणाच्या गोधनावर खोवतात. ज्या मुलींचं लग्न ठरलेलं असतं, त्यांचा माहेरचा हा शेवटचा मेरा. त्यांचा आवाज गाता गाता मध्येच अडतो.

कुठलंही दार वगळायचं नाही, हे मला फार आवडलं. एका ओट्यावर मी बसले होते. माझं तर तिथं घरच नव्हतं. तरी ती चौथीतली मुलगी दिवा घेऊन माझ्यापुढे आली आणि मला ओवाळून गेली. मी ताटात नाणं टाकलं. त्या क्षणी मला एकटं वाटलं नाही, एवढंच सांगते.

दिवाळी संपली आणि तांड्यावर ट्रॅक्टर आला. इथल्या तांड्यांवरून बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. नोव्हेंबरच्या सुमारास साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं, ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून पैशांची उचल आधीच घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृह असतं. आईवडील गेले तरी मुलांनी इथंच राहायचं, जेवायचं आणि शिकायचं. त्या मुलीनं राहावं म्हणून आम्ही शिक्षक तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "बाई, खोटं नाही सांगत. तिला शाळा आवडते. पण धाकटा दीड वर्षाचा आहे. मी फडात असताना त्याला कोण बघंल?"

यावर काय बोलणार? आम्ही तिला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेत तिला बसता येतं. वर्षाच्या मधेसुद्धा शाळेनं तिला घ्यायचंच, हा मुलांचा हक्क २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं दिलेला आहे. भांडी, अंथरुणं आणि एक शेळी यांच्यामध्ये बसून ती गेली. पिशवीत पाटी होती.

एप्रिलमध्ये ती परत आली. उंच झाली होती, उन्हानं रापली होती. कोल्हापूरकडच्या एका शाळेत ती दोन महिने जात होती, तेही धाकट्याला कडेवर घेऊन. "पहिल्या दिवशी कुणी बोललंच नाही बाई," ती सांगत होती. "माझं बोलणं ऐकून हसले. मग एक मुलगी सरकली आणि म्हणाली, बस इथं. तिनं धाकट्याला लाडू पण दिला."

कोण होती ती मुलगी? मला ठाऊक नाही. कदाचित ती हे पान वाचतही असेल. वाचत असशील तर ऐक, तू जागा दिलीस म्हणून माझी विद्यार्थिनी दोन महिने शाळेत गेली आणि या वर्षी पाचवीत बसली.

आणि बाकीच्यांनो, उसाच्या पट्ट्यात राहत असाल, तर दिवाळीनंतर तुमच्या गावाबाहेरही पालांची वस्ती उठेल. तिथं तुमच्याच वयाची मुलं असतील. त्यांची आजी, त्यांची शाळा, त्यांचा तांडा सगळं शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं. त्यातलं कुणी तुमच्या वर्गाच्या दारात येऊन उभं राहिलं, तर बाकावर थोडं सरका. एका मुलाला जागा व्हायला वीतभर सरकलं तरी पुरतं.