पांढरी

तुळिंज रोडवर ती कधी येत नाही. रिक्षा, भाजीच्या हातगाड्या आणि नालासोपारा स्टेशनकडे धावणारी माणसं यांच्यातून चाळीस फुटी ट्रेलरला वाट मिळायची कुठून? ती उभी असते पेल्हारच्या बाजूला, अहमदाबाद हायवेलगतच्या एका मोकळ्या प्लॉटवर. तिला हात लावणारे मात्र सगळे तुळिंजचे. माझे मामा बॉडी आणि ब्रेकचं काम करतात, त्यांच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा वायरिंग बघतो, आणि चिलर मशीनसाठी एक मिस्त्री येतो. जून लागला की तिघं पहाटे अवजारांच्या पेट्या रिक्षात टाकून निघतात. गेली सहा वर्षं मीही सोबत जातो. तिचं पासिंग जवळ आलेलं असतं.

जूनच का, तर तिचं पंचांग समुद्राशी बांधलेलं आहे. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद होते. अर्नाळ्याला, पाचूबंदरला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, फाटकी जाळी दुरुस्तीला काढतात. पापलेट-सुरमईचा माल थांबला की तिलाही उसंत मिळते. हिवाळ्यात ती महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणते, उन्हाळ्यात आइस्क्रीम पोचवते. पण तिचं खरं सासर समुद्रच.

तिला ‘पांढरी’ म्हणायला सुरुवात केली मामांनी. रंग पांढरा, कारण ऊन जितकं परतवता येईल तितकं परतवायचं. पण मामा मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या बोलण्यात काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, घरादारांची. काळीत पिकतं, पांढरीत खाल्लं जातं. ‘ही पिकलेलं घरापर्यंत नेते, मग हिला दुसरं काय म्हणायचं?’ असं ते म्हणाले आणि ते नाव तिला चिकटलं.

तिचा स्वभाव समजायला मला वेळ लागला. मला वाटायचं, ही फ्रीजसारखी, आत ठेवलं की गार करणारी. मिस्त्रीने समजावलं, ‘ती माल गार करत नाही. गार आलेला माल गार ठेवते.’ मासा आधीच गोठलेला हवा, उणे अठरा अंशांवर. ती स्वतःही आधीच गार झालेली हवी. मग चारी बाजूंनी थंड वारा फिरवत, बाहेरची उष्णता आत येऊ न देता, ती तो जपते. भिंतीच्या दोन पांढऱ्या पत्र्यांमध्ये पिवळसर पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलेलं असतं, तेच तिचं अंग. खोके छताला भिडवून रचले तर वारा कोंडतो आणि मागचा माल गरम होतो. म्हणून आत भिंतीवर तांबडी रेघ आहे, तिच्या वर काही रचायचं नाही.

आमच्या किनाऱ्याला नासणारं टिकवणं नवं नाही. बांबू उभारून, आडव्या दोऱ्या बांधून बोंबील सुकवणाऱ्या बायकांनी ते काम उन्हाकडून आणि वाऱ्याकडून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलं. ओला मासा ओलाच दूर पाठवायचा, तर थंडी सोबत चालवायला हवी होती. ती जुळणी बसवली फ्रेडरिक जोन्स या अमेरिकन कृष्णवर्णीय कारागिराने, १९३०च्या दशकाच्या अखेरीस. शाळा अर्धवट सुटलेला, यंत्रं उघडून उघडून शिकलेला माणूस. रस्त्याचे हादरे सोसूनही चालेल असं गारव्याचं यंत्र त्याने ट्रकवर बसवलं. १९६१मध्ये तो गेला. अमेरिकेचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक त्याला मिळालं १९९१ साली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी पान्यावरचं ग्रीस पुसलं आणि विचारलं, ‘हातानेच शिकला ना?’ मी हो म्हटलं. ते खूप वेळ खूश होते.

आता पासिंग. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६व्या कलमाप्रमाणे फिटनेसचा दाखला नसेल तर माल वाहणारी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दाखला दोन-दोन वर्षांचा, त्यापुढे दरवर्षी नवा. पांढरीने आठ केव्हाच ओलांडली. ट्रेलरची नोंदणीही तिला ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीहून, आमच्या भाषेत घोड्याहून, वेगळी. म्हणजे तिला स्वतःचा एमएच ४८ नंबर आहे आणि परीक्षाही तिची तिलाच द्यावी लागते.

मामा आधी खाली सरकतात आणि चेसिस नंबर शोधतात. वर्षभराचा चिखल, गंज आणि माशाचं खारं पाणी साचून तो बुजलेला असतो. तारेच्या ब्रशने हळूहळू घासत ते आकडे मोकळे करतात, त्यावर पेन्सिल फिरवून चिकटपट्टीवर छापा उठवतात. एखाद्या म्हातारीच्या हातावरचं गोंदण उजेडाला धरून वाचावं, तसं ते वाचतात.

मग हवा. तिचे ब्रेक हवेवर चालतात. घोड्याकडून येणारा तांबडा पाइप तुटला, हवा निसटली, तर तिचे ब्रेक आपोआप आवळले जातात. दम तुटला की ती बेफाम पळत नाही, जागीच बसते. तिच्या स्वभावातली ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. पण त्यासाठी तिने एरवी हवा धरून ठेवली पाहिजे. मामा साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला लावतात आणि फेस फुगतो का ते पाहतात. मशीन बंद, सगळे गप्प, हायवेचा आवाज तेवढा लांबून येतोय, आणि मामा ब्रेकच्या एकेका बूस्टरला कान लावून बसलेत. मग लायनर किती उरलंय ते बघायचं, स्लॅक जुळवायचे, पाट्यांचे यू-बोल्ट आवळायचे, आणि बाराही टायरांच्या खाचा मोजायच्या. १.६ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तो टायर निघाला.

शेवटी रेडियम. पुढे पांढरी पट्टी, कडांना पिवळी, मागे तांबडी. वायरिंगवाला पोरगा ही पट्टी साबणाने धुतो, उखडलेली काढून नवी चिकटवतो, टेललाइटच्या काचांतून पाणी काढतो. एकदा त्याने घाईत मागचा एक तुकडा तसाच ठेवला. मामांनी त्याला रात्री हायवेच्या कडेला नेऊन, पन्नास पावलं मागे उभं केलं आणि मोटरसायकलचा दिवा तिच्यावर टाकायला लावला. तुकडा गळला होता तिथे अंधाराचं भगदाड दिसलं. ‘रात्रपाळी संपवून दमलेला पोरगा या भगदाडात येतो,’ मामा म्हणाले. तेव्हापासून कुणाला काही सांगावं लागलेलं नाही.

हे सगळं सरकारी परीक्षेचं. पण पांढरीची दुसरीही एक परीक्षा आहे. सरकारी तपासणीत ब्रेक, दिवे, टायर बघतात. तिच्या पोटातला गारवा तिथे मोजला जात नाही. तो मोजतो आम्ही. मिस्त्री बर्फ कुटून बादलीत भरतो, थोडं पाणी घालतो आणि तापमापकाचं टोक त्यात बुडवतो. वितळत्या बर्फाने शून्य दाखवायलाच हवं. तापमापक खोटं बोलला तर पांढरी इमानेइतबारे चुकीच्या अंशावर धावत राहील. मग दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकली तर रबर जिवंत. सहज निघून आली तर तिथून थंडी गळणार.

त्यानंतर अंधाराची परीक्षा, आणि ते काम माझं. भर दुपारी मी रिकाम्या पांढरीत शिरतो, मामा बाहेरून दार लावतात आणि कडीवर हात ठेवून उभे राहतात. आत पफ आणि धुतलेल्या माशाचा वास असतो. डोळे सरावायला वेळ द्यायचा आणि बघत राहायचं. जिथून उजेड येईल तिथून उष्णताही येणार.

माझ्या दुसऱ्या वर्षी मला खालच्या कोपऱ्यात, पाणी जायच्या भोकाशेजारी, उजेडाचा एक धागा दिसला होता. सुईएवढा. मला उकडत होतं, घरी जायची घाई होती, एवढ्याने काय होतंय असं वाटलं. ‘सगळं ठीक’ असं सांगून मी बाहेर आलो. पुढे पावसाळा संपून माल सुरू झाला, पफ ओलं होत गेलं आणि एका फेरीत मागच्या रांगेतले खोके मऊ निघाले. तो माल फेकावा लागला. कुणाची तरी समुद्रावरची आठवडाभराची मेहनत खड्ड्यात गेली. मी मामांना खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी तो पत्रा कापला, ओलं पफ काढलं, नवं भरलं, आणि सांधायला मला बसवलं. त्या ठिगळावर मी आजही हात फिरवून बघतो.

यंदाही फिटनेस मिळालं. ती परतली, मशीन सुरू झालं, काटा उतरत उणे अठराला टेकला. पण नारळी पौर्णिमेआधी, होड्या पाण्यात जायच्या सुमाराला, मामांनी मशीन बंद ठेवून मला पुन्हा आत पाठवलं. दुपार रणरणत होती. दार लागलं, कडी पडली. मी चार कोपरे बघितले, छताचा सांधा बघितला, माझ्या ठिगळापाशी बसून खूप वेळ बघितलं. मग दारावर हात मारून मी ओरडलो, ‘अंधार आहे, मामा. पुरता अंधार आहे.’